डावीकडचा भाडेकरू

सोमवार

आणि वर जावईबापू म्हणतात, मावशी, लिफ्ट बंद आहे हे फोनवर सांगायचं राहूनच गेलं! राहून गेलं म्हणे. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला लिफ्ट बंद असल्याचं आठवत नाही म्हणजे एकतर तो घराबाहेर पडत नसणार, नाहीतर त्याला गुडघे नसणार. मला आहेत. दोन्ही दुखतात. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात माझी स्वतःची इस्त्री, कारण दुसऱ्याच्या इस्त्रीवर माझा भरवसा नाही. आणि मागून जावईबापू रिकाम्या हातांनी मला धीर देत चढताहेत. तिसऱ्या मजल्यावर मी इस्त्री त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, आता हिला धीर द्या.

पण वर पोचले, ठकीनं दार उघडलं आणि राग कुठल्या कुठे गेला. दारात आधी पोट आलं, मग ठकी आली. मी म्हटलं, अगं, दोघांना घेऊन उभी काय राहतेस, बस. तर म्हणते कशी, मावशी, बसलं की उठवायला माणूस लागतं, म्हणून तर तुला बोलावलं. हसून हसून आम्ही दोघी दारातच दमलो.

ठकी माझ्या थोरल्या बहिणीची. बहीण गेली तेव्हापासून माझ्याच हाताखाली वाढली. आता तिला जुळं आहे, सहावा महिना सरत आलाय. मी हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीला असते. चादरी, उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं. सुपरवायझरला सांगितलं, भाची मोकळी होईपर्यंत येणार नाही. तो म्हणाला, एवढी रजा नसते. मी म्हटलं, मग माझ्याऐवजी तू जा तिच्याकडे. रजा मिळाली.

ही वही दवाखान्यातल्या नर्सबाईंची. जुळी असलेल्या बायकांचं त्याच बघतात. त्यांनी ठकीला रोज लिहायला सांगितलंय, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे चमकतं का, पाय सुजले का, पोट एकदम वाढलं का, पोरं हलतात का. ठकीनं काय लिहिलंय? ठीक. ठीक. ठीक. मी वही काढून घेतली. शाळेत माझी चौथीपुढे मजल गेली नाही, पण नुसतं ठीक लिहायला कुणी वही देत नाही एवढं मला कळतं. नर्सबाई, तुम्ही वाचाल तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. माझ्या हाताला इस्त्रीची सवय आहे, पेनाची नाही.

आज: डोकं दुखत नाही. पाय थोडे. पोरं हलतात. पोरगी खूश.

मंगळवार

घर बरं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि कपडे वाळत घालायला हातभर गॅलरी. समोर दुसऱ्या इमारतीची पाठ, नुसते पाइप. ठकीचा पलंग खिडकीशी, माझी गादी त्याच खोलीत, इस्त्रीचं टेबल दोघींच्या मध्ये. बाहेरच्या खोलीत जावई आणि त्यांची आई. जावईबापू सामान पोचवायची गाडी चालवतात, दोन-दोन दिवस घरी नसतात. तेव्हा घरात तीन बायका आणि दोन पोटातले.

विहीणबाई जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कानाला हेडफोन लावून लोकांच्या लाइनी जोडून द्यायच्या. नोकरी संपली तरी मान तशीच ताठ, आणि समोरचा बोलत असला की अर्धं ऐकून पुढच्याकडे वळतात. ओल्या चादरी झटकत नाहीत. मी झटकून दाखवल्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडे अशाच घालतात. मी म्हटलं, म्हणून तर तुमच्याकडे इतक्या सुरकुत्या. त्यांनी पटकन गालाला हात लावला. मी चादरींचं बोलत होते. पण असू दे.

चार वाजता चहा झाला की घरात एक कार्यक्रम असतो. जावयांनी पोटातले ठोके ऐकायचं छोटं यंत्र विकत आणलंय, मुठीत मावणारं. ठकी पलंगावर आडवी होते, विहीणबाई तिच्या पोटाला थंडगार जेल लावतात, यंत्र टेकवतात आणि डोळे मिटतात. मग खरखर, खरखर, आणि एकदम टपटपटपटप, घोडं पळावं तसं. विहीणबाई म्हणतात, उजवी लाइन चालू. मग यंत्र सरकवत डावीकडे नेतात, तिथे जरा शोधावं लागतं, मग तिथेही टपटपटपटप. डावी लाइन चालू. मग सगळ्यांचे चेहरे उजळतात आणि बिस्किटं येतात.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, जेल डोळ्यात गेलं.

उजवा जो आहे तो दांडगा. सारख्या लाथा. जावयांनी त्याचं नाव मालक ठेवलंय. डावीकडचा गरीब, कोपऱ्यात अंग चोरून असतो, तो भाडेकरू. ठकी म्हणते, मालकानं आज भाडेकरूची झोपमोड केली. मी म्हटलं, भाडेकरूला सांग, पावती घेऊन ठेव.

गुरुवार

काल लिहायला झालं नाही, गादीवर पडले ती सकाळीच उठले. पाच मजले दोनदा झाले, एकदा दुधाला, एकदा विहीणबाईंना पाहिजे तीच बिस्किटं नव्हती म्हणून.

नर्सबाई, ठकीनं मला समजावून सांगितलं, तुम्ही तिला काय सांगितलंय ते. काही जुळ्यांची वार वेगवेगळी असते, ह्या दोघांची एकच. म्हणजे एकाच ताटात दोघं जेवायला बसलेत. बहुतेक वेळा निभतं. पण कधी कधी एकाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहतं. मग एक भरत जातो, त्याच्याभोवती पाणीच पाणी होतं, आणि दुसरा सुकत जातो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून दर दुसऱ्या शुक्रवारी दवाखान्याच्या मोठ्या यंत्रावर दोघांचं पाणी बघायचं. उद्या तो शुक्रवार.

मी विचारलं, मग ह्या छोट्या यंत्रात पाणी कळतं का? विहीणबाई म्हणाल्या, ठोके चालू म्हणजे सगळं चालू, माणूस बोलतोय तोवर लाइन तुटलेली नसते.

ठकीच्या गाऊनच्या शिवणी आज सैल केल्या. पाय कालच्याइतकेच.

शुक्रवार

गेलो नाही.

जावईबापू गाडी घेऊन लांब गेलेत, लिफ्ट बंदच. ठकी दोन मजले उतरली आणि जिन्यात बसली, म्हणाली दम लागतो, पुन्हा चढायचं कसं. मी एकीकडून, विहीणबाई दुसरीकडून, अशी तिला परत वर आणली. वर आल्यावर तिघीही घामाघूम. विहीणबाईंनी यंत्र काढलं. उजवी चालू. डावी चालू. मग त्यांनीच दवाखान्यात फोन केला की दोन्ही ठोके स्वच्छ ऐकू येताहेत, पुढच्या शुक्रवारी आलं तर चालेल का. फोनवर तुम्ही नव्हता, कोणी पोरगी होती. ती म्हणाली, ठीक आहे, पुढचा शुक्रवार लिहिते.

मीही म्हटलं, जाऊ दे. तुमच्यापासून काय लपवायचं, मला हायसं वाटलं. माझे गुडघे नुसते ठणकत होते.

रविवार

पोट वाढलंय. गुरुवारी शिवण सैल केलेला गाऊन आज अंगावर चढत नाही. दोन दिवसांत एवढं? कातडी अशी ताणलीय की खळ देऊन गरम इस्त्री फिरवलेल्या चादरीसारखी चकाकते. ठकीला पाठीवर झोपवत नाही, कुशीवर झोपवत नाही, उशा लावून बसूनच असते. तहान तर अशी की तांब्या खाली ठेवायला वेळ नाही. विहीणबाई म्हणतात, जुळ्यांचं पोट असंच वाढतं. त्यांना एकच मुलगा झाला. त्यांना काय माहीत?

मी ठकीला विचारलं, भाडेकरू काय म्हणतो? ती म्हणाली, मालक आज खूप खेळला. मी म्हटलं, मी दुसऱ्याचं विचारतेय. तर म्हणाली, झोपलाय.

दुपारी विहीणबाई बाहेरच्या खोलीत लवंडल्या, ठकी उशांना टेकून डोळे मिटून. मी इस्त्री करत होते. टपटपटपटप असा बारीक आवाज यायला लागला. मला वाटलं यंत्र चालू राहिलं. बघितलं तर यंत्र बंद, कपाटात. मग वाटलं इस्त्रीच कुरकुरतेय, तिची वायर काढली. आवाज चालूच. धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून येत होता, मी हात घातला तर थांबला. त्यानंतर मला इतकी गुंगी आली की त्याच ढिगावर डोकं टेकून झोपले. दुपारची झोपायची मला सवय नाही. उठले तर घसा कोरडा ठणठणीत.

जिन्यांनी जीव घेतलाय माझा, दुसरं काय.

सोमवार

सकाळी ठकीच्या पोटावर हात ठेवून बसले. ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. उजवीकडे मालकाची नुसती धुमश्चक्री, पाण्यात उड्या मारल्यासारखी. डावीकडे काही नाही. एका कडेला काहीतरी लहान, चिकटून बसलेलं. मी हळूच दाबलं. हललं नाही.

ठकीनं माझा हात बाजूला केला. म्हणाली, मावशी, त्याला त्रास देऊ नकोस, तो आत्ता नसतो. मी म्हटलं, नसतो म्हणजे? तर अगदी साधं सांगावं तसं तिनं सांगितलं. म्हणाली, इथे जागा कुठे आहे, सगळीकडे मालकाचं पाणी. म्हणून तो दुपारचा बाहेर जातो. चार वाजता ऐकायच्या वेळेला येतो परत.

मी तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

चार वाजता यंत्र निघालं. मी पलंगाच्या कडेला बसून उजव्या ठोक्यांबरोबर बोटानं ताल धरला. विहीणबाई यंत्र डावीकडे नेत होत्या, मधे खरखर झाली, माझं बोट चालूच होतं. डावी लाइन लागली, टपटपटपटप, आणि माझं बोट एका ठोक्यानंही चुकलं नाही. दोन वेगळी पोरं एकाच तालात कशी?

मी म्हटलं, विहीणबाई, तुम्ही एकालाच दोन्हीकडून ऐकताय. मालकच आहे हा, तिरका ऐकू येतोय. त्या लाल झाल्या. म्हणाल्या, लाँड्रीतल्या बाईनं मला कान शिकवू नयेत, मी दहा लाइनींतून एक ओळखायची. मी म्हटलं, तेव्हा ओळखत होतात, आत्ता नाही. जावईबापू दुपारीच परत आले होते. ते म्हणाले, मावशी, उगाच अभद्र बोलू नका. आणि ठकी रडत रडत म्हणाली, तो उशीर करतोय एवढंच.

मी दवाखान्यात फोन लावला. पोट, तहान, दम, सगळं सांगितलं. पलीकडे दुसऱ्या बाई होत्या, त्यांचा आवाज बदलला. म्हणाल्या, आजच्या आज आणा.

ठकी उठेना. पलंगाची कड धरून बसली. तो बाहेर आहे, तो आल्याशिवाय मी घर सोडणार नाही, त्याला रस्ता सापडायचा नाही. एवढंच घोकत होती. शेवटी जावई आणि त्यांच्या गाडीवरचा सोबती, दोघांनी तिला खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचलली. पाच मजले तिच्या हाका ऐकू येत होत्या. मालकाला नाही, जावयाला नाही, मलाही नाही. त्या दुसऱ्याला. चल रे, चल रे, चल रे.

गाडीत जागा एकाचीच होती. मी आणि विहीणबाई वर राहिलो.

मंगळवार

जावयांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

तेच झालंय, तुम्ही सांगितलं होतं ते. मालकाभोवती पाणीच पाणी, त्याच्या हृदयावर ताण. दुसऱ्याभोवती थेंब नाही, पिशवीच्या कडेला आवळून बसलाय, जेमतेम मूठभर. त्याचं हृदय थांबलंय. डॉक्टर म्हणाले, आज नाही थांबलं. काही दिवस झाले असावेत. मालकालाही धोका आहे, एकच वार असल्यामुळे एकाचं गेलं की दुसऱ्याला झटका बसू शकतो. पाणी काढलंय, ठकीला ठेवून घेतलंय.

शुक्रवारी गेलो असतो तर वाचला असता का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, आधी जो आहे त्याचं बघू.

विहीणबाईंना सांगितलं. यंत्र त्यांच्या मांडीवर होतं. मी ते काढून घेतलं.

मग बसून विचार करत राहिले. विहीणबाईंनी डावीकडे ऐकला तो मालक, हे मला पटतं. पण मी कपड्यांच्या ढिगात ऐकलं ते काय? यंत्रच वेडं आहे का ते बघू म्हटलं. उशीला लावलं. खरखर. टेबलाला लावलं, काही नाही. माझ्या मनगटाला लावलं तर माझीच नाडी, थकल्यासारखी, सावकाश. यंत्र बरोबर होतं.

मग पोटाला लावलं. माझ्या.

टपटपटपटप.

नर्सबाई, माझी पिशवी काढून पुष्कळ वर्षं झालीत. गाठी होत्या. मला मूल झालं नाही आणि होणारही नव्हतं. माझ्या पोटात ऐकण्यासारखं काही नाही.

एका हातानं मनगट धरलं. तिथे सावकाश. पोटात घोडं पळतंय. बारीक, हलकं घोडं. मालकाचं नव्हे. मालक धाडधाड वाजतो. हा अंग चोरून वाजत होता.

डावीकडे.

बुधवार

सकाळी पुन्हा ऐकलं. आहे.

अंगात त्राण नाही. भांड्यातलं पाणी संपवलं, पुन्हा भरलं, पुन्हा संपवलं. पाय सुजलेत, बोट दाबलं की खळगा राहतो. तुमच्या वहीत हेच विचारलं होतं ना, ठकीचं. आता माझं लिहिते. पाय सुजले, हो. तहान, हो. पोट —

विहीणबाईंना बोलावलं. काही सांगितलं नाही. फक्त यंत्र हातात दिलं, आडवी झाले, म्हटलं ऐका. त्यांना वाटलं मला वेड लागलंय. तरी बसल्या. डोळे मिटले. सवयीनं यंत्र उजवीकडे टेकवलं, तिथे काही नाही. सरकवत डावीकडे आल्या.

त्यांच्या ओठांचा रंग गेला.

पुष्कळ वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, हा तुमचा नाही. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, कुणाचा आहे ते सांगा. त्या म्हणाल्या, यंत्र आणलं त्या पहिल्या महिन्यात, डाव्या लाइनीवर हाच होता. मग गेला. आणि मला वाटत राहिलं की मिळतोय, मिळतोय.

यंत्र पलंगावर टाकून उठल्या. चपला न घालता जिना उतरून गेल्या. दार उघडंच टाकून. मुलाकडे गेल्या असतील, दवाखान्यात.

जाताना म्हणत होत्या, त्याला खायला काय घालणार तुम्ही? वार नाही, पिशवी नाही.

मीही तेच विचारतेय.

गुरुवार

जावयांचा फोन. मालक ठीक आहे, पाणी कमी झालं. ठकी खिडकीकडे तोंड करून असते.

मी म्हटलं, तिला विचारा, घरून निरोप आहे, ऐकणार का. त्यांनी फोन तिच्या कानाला लावला. मी यंत्र पोटाला लावलं, फोन यंत्राशी धरला.

मग ठकी म्हणाली, मावशी, त्याला सांभाळ.

मग फोन जावयांनी घेतला. म्हणाले, हे काय चालवलंय तुम्ही, ती आता थांबतच नाही रडायची. ओरडले माझ्यावर. ओरडू देत.

जेवण जात नाही. उभी राहिले की डोळ्यांपुढे चमकतं. इस्त्री उचलवत नाही. मी, जी दिवसाला शंभर चादरी —

तो घेतोय माझ्यातून. घेऊ दे. पण माझ्यात आहे किती.

आज दुपारी ठोका मधेच थांबला. मी यंत्र दाबलं. दाबलं. जोरात म्हटलं, ए. ए भाडेकरू. मग पुन्हा लागला, हळू.

शुक्रवार

आज तुमचा शुक्रवार. तुम्ही तिथे तिच्याजवळ असाल.

ठोका कमी झालाय. सकाळपासून तीनदा अडखळला. माझ्या नाडीबरोबर होत चाललाय. तो माझ्याइतका थकतोय की मी त्याच्याइतकी — कळत नाही.

जावईबापू ठकीचे कपडे न्यायला येताहेत, जिन्यात पावलं वाजताहेत. ही वही त्यांच्याबरोबर देतेय. नर्सबाई, मला वेडी म्हणू नका. म्हणायचं असेल तर नंतर म्हणा. आधी मोठं यंत्र घेऊन माणूस पाठवा. तुमच्याकडे लिहिलंय की तो गेला. ते अजून कुठे पाठवू नका. खोडायला येईल असं ठेवा.

ठकीची वार अजून आहे. मालक तिथेच आहे, आता पाणी कमी झालंय, जागा झालीय. एकाच ताटात बसले होते, पुन्हा बसतील. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, काढता येतं, धुता येतं, शिवता येतं, मग परत ठेवता का येऊ नये. आणि येत नसेल तर तेही सांगा. मला काहीतरी सांगा.

नुसतं ठीक लिहून पाठवू नका. कागदही नको. तुम्ही स्वतः या. जिना चढा.

रविवारपर्यंत मला उत्तर पाहिजे. त्याला परत कसा न्यायचा. रविवारपर्यंत. त्याच्या पुढे माझ्यात त्याला द्यायला —